हळू बोला, मला कमी ऐकू येतं

मी बहिरा झालोय की बहिरेपणाचं सोंग करतोय, यावरून आमच्या घरात दोन तट पडले होते. एका तटात माझी बायको महानंदा, मुलगा विश्वनाथ आणि गल्लीतले झाडून सगळे. दुसऱ्या तटात मी एकटा. आमची सून शिवलीला कुठल्याच तटात नव्हती, पण भांडण पेटलं होतं ते तिच्यावरून, आणि त्यात त्या पोरीचा काडीचा दोष नव्हता.

आज माझ्या उजव्या कानामागे टाक्यांची लांब खूण आहे, डाव्या कानात मशीन आहे आणि हसलो की तोंड जरा एका बाजूला जातं. बाकी मी ठणठणीत आहे. लिहिण्याची मला सवय नाही. दुकानदार माणूस, बिलाच्या पलीकडे कधी पेन चालवलं नाही. तरी बसलो, कारण माझ्यासारखा एखादा आजही कुठल्या तरी घरात फुकटची बोलणी खात बसला असेल. हे वाचून त्याच्या घरच्यांना नुसती शंका आली तरी माझं काम झालं.

गिरणीचा आवाज

पाटोद्याच्या बाजारपेठेत, जरा आतल्या गल्लीत, आमचं किराणा दुकान आहे आणि त्याला लागूनच पिठाची गिरणी. दुकान मी बघतो, गिरणी महानंदा. लग्न होऊन आल्यापासून ती पट्ट्याच्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून बोलत आली आहे, त्यामुळे गिरणी बंद असली तरी तिचा आवाज चालूच असतो. 'ज्वारी कुणाची हाय वं ही?' असं तिनं विचारलं की ज्याची ज्वारी नाही तोही ओट्यावर येऊन उभा राहतो. मीही काही हळू बोलणारा नव्हे. विश्वनाथ आमच्या दोघांचा, म्हणजे त्याचं वेगळं सांगायला नको.

शिवलीला लिंबागणेशची. आमच्यात सून सासऱ्यासमोर आवाज चढवत नाही. हल्लीच्या पोरींनी बऱ्याच रीती सोडल्या, आणि सोडल्या ते बरंच केलं. पण ही एक रीत शिवलीला माहेराहूनच घेऊन आली होती. माझ्याशी बोलायचं झालं की ती चार पावलं जवळ येणार, नजर खाली ठेवणार आणि खालच्या आवाजात एकेक शब्द सुटा करून बोलणार. सासरा म्हणून मला त्याचं कौतुकच वाटायचं. ह्या हळू बोलण्यात पुढं एवढं रामायण दडलंय हे कुणाला ठाऊक होतं?

शब्दांचं पीठ

डावा कान माझा लहानपणीच गेला होता. म्हणजे आम्ही तसं धरलं होतं. कान वाहायचा, आई लसणाचं तेल गरम करून घालायची, आणि एक दिवस वाहणं थांबलं तसं ऐकू येणंही जवळजवळ थांबलं. तेव्हापासून त्याला घरात 'मेलेला कान' म्हणायचे. दुकानात मी गादीवर बसतो तोही डावा कान भिंतीकडे करून. सगळा व्यवहार उजव्यावर.

त्या उजव्या कानात आधी भुंगा शिरल्यासारखा आवाज सुरू झाला. बारीक, एकसारखा. मी दुर्लक्ष केलं. मग हळूहळू माणसांचं बोलणं बिघडायला लागलं. इथं मला जरा नीट सांगू द्या, कारण सगळा घोळ इथंच झाला. आवाज येत होता. गाडी आली, भांडं पडलं, कुणी हाक मारली, सगळं ऐकू येत होतं. फक्त माणूस काय बोलला ते कळत नव्हतं. मी 'काय?' म्हणायचो. समोरचा साहजिकच मोठ्यानं बोलायचा. मोठ्यानं बोलला की होतं नव्हतं तेही जायचं. जितका आवाज चढेल तितकं शब्दांचं पीठ व्हायचं. कानात नुसता भुगा भरायचा आणि त्यातून एक दाणा हाती लागायचा नाही.

गिऱ्हाईक साखर मागायचं, मी मीठ काढायचो. लोक हसायचे. समोर भागवतचं टेलरिंगचं दुकान आहे. आम्ही शाळेपासूनचे सोबती. तो भर गल्लीत म्हणायचा, 'काय बे अप्पा, उधारी मागायला आलं की तुझा कान जातो का?' मीही हसायचो. आत कुठंतरी लागायचं, पण हसायचो.

आणि ह्याच दिवसांत शिवलीला येऊन 'अप्पा, चहा ठेवलाय, साखर कमी घालू का?' म्हणायची आणि मला शब्द न् शब्द कळायचा. का कळतो याचा विचार मी केला नाही. पोरीची जीभ साफ आहे, एवढंच मनात यायचं.

भाकरी

जे व्हायचं ते एका जेवणाच्या वेळी झालं. मी ताटावर बसलो होतो. महानंदा चुलीपाशी. तिनं काहीतरी विचारलं. मी म्हणालो, 'काय?' तिनं परत विचारलं, आवाज चढवून. मी परत, 'काय?' तिसऱ्यांदा तिनं असा आवाज लावला की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. मला कुत्रं कळलं, ती कळली नाही.

शिवलीला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती वाकून हळूच म्हणाली, 'अप्पा, अजून भाकरी पाहिजे का?'

'अर्धी दे,' मी म्हणालो.

महानंदा हातात भाकरी धरून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. राग नव्हता त्यावर, कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखी ती बघत होती.

'बघितलं का विश्वनाथ,' ती म्हणाली. हे मला नंतर शिवलीलानं सांगितलं, कारण मला तेव्हा नुसता गलका ऐकू आला. 'बायकोचं ऐकू येत न्हाई. सुनेचं येतं. मी काय इतकी नकोशी झाले का? कशापायी सोंग करता? बोलायचं न्हाई तर तसं सांगा ना.'

मी शपथा घातल्या. पण माणूस शपथा घालायला लागला की त्याचं सोंग आणखीच पक्कं वाटतं. त्या दिवसापासून महानंदा माझ्याशी बोलायची थांबली. जे काही सांगायचं ते शिवलीलाच्या मार्फत. 'सांग गं तुझ्या सासऱ्याला, तेलाचा डबा आलाय.' 'विचार गं तुझ्या सासऱ्याला, जेवायचं हाय का न्हाई.' शिवलीला बिचारी मान खाली घालून येणार, हळू आवाजात निरोप सांगणार, आणि तो मला लख्ख कळणार. म्हणजे घरातलं सगळं बोलणं आता मला समजायला लागलं, आणि महानंदाच्या लेखी माझ्यावरचा गुन्हा शाबीत झाला.

शिवलीलाचे त्यात फार हाल झाले. एकदा तिला भांडी घासताना रडताना बघितलं. मी तसाच मागं फिरलो. सासऱ्यानं सुनेला जवळ जाऊन समजावणं, तेही त्या दिवसांत, म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखं झालं असतं.

रिपोर्ट चांगला आहे

विश्वनाथ मला बीडला एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथं कानाला हेडफोन लावून बारीक 'टीं टीं' आवाज ऐकवले. ऐकू आला की बोट वर करायचं. मी बऱ्यापैकी बोट वर केलं. उजव्या कानाचा कागद बघून सांगितलं गेलं, 'वयाच्या मानानं ठीक आहे.' डाव्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. तो मेलेलाच आहे हे मी स्वतःच तोंडानं सांगितलं होतं.

परत आल्यावर घराच्या दारात विश्वनाथ म्हणाला, 'अप्पा, रिपोर्ट चांगला हाय तुमचा. आता मी आईला काय सांगू?' तो दमला होता, म्हणून आवाज खाली होता, म्हणून मला कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

मग गावात कानाच्या तपासणीचं शिबिर आलं. विश्वनाथनं तिथून मशीन आणलं. मशीन कुठल्या कानात घालायचं? मेलेल्या कानात घालून काय उपयोग, चांगल्या कानातच घाला, असं सगळ्यांचं एकमत झालं. माझंही. मशीन सुरू केलं आणि मी अक्षरशः ओरडलो. आख्खा बाजार कोणीतरी पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या डोक्यात हलवत होतं. शिवलीलाचं बोलणं तेवढं कळायचं, तेही गेलं. मी मशीन काढून गल्ल्यात टाकलं. गल्लीचा निकाल लागला: मशीनसुद्धा नको म्हणतोय म्हणजे सोंगच.

त्या काळात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली सांगू? मलाच वाटायला लागलं की मी सोंग करतोय. डॉक्टरांचा कागद चांगला, सुनेचं ऐकू येतं, मग बायकोचं का नाही? माझ्या मनातच काहीतरी पाप आहे का? एकटा बसलो की मी स्वतःला हे विचारायचो आणि अंगावर काटा यायचा.

मग तोल जायला लागला. एक दिवस ओट्यावरून उतरताना जमीन कलली आणि मी पडलो. आमच्या घरात दारूचा थेंब नाही, तरी कुणीतरी हळूच हसून बाजूला झालं. शिवलीलानं ते बघितलं आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा सासूसमोर बोलली.

'आई, म्या एकदा बघितलं. अप्पा गिरणीत आलते, तवा मी मोठ्यानं बोलले. माझंबी कळलं न्हाई त्यांना. माझं हाय म्हणून न्हाई कळत, हळू बोलल्यालं हाय म्हणून कळतं. तुमी एकदा मोठ्या डॉक्टरकडं सोबत जा.'

महानंदा माझ्याशी बोलली नाही, पण गाडीत येऊन बसली.

काचेची खोली

ह्या वेळी बीडला दुसरीकडं गेलो. कान तपासणाऱ्या मॅडम वयानं लहान होत्या, विश्वनाथपेक्षाही. त्यांनी विचारलं, 'काका, त्रास काय होतो?' हळू विचारलं.

मी म्हणालो, 'लोक मोठ्यानं बोलले की कळत नाही.'

हे वाक्य मी आधीच्या ठिकाणीही बोललो होतो आणि तिथं हसले होते. ह्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडं बघितलं. 'मोठ्यानं बोलले की?' त्यांनी परत विचारलं. मी मान हलवली.

एका छोट्या, गादी लावल्यासारख्या भिंतींच्या खोलीत मला बसवलं. मध्ये काच. काचेपलीकडं मॅडम, त्यांचं मशीन, आणि बाजूच्या खुर्चीत महानंदा. मॅडम म्हणाल्या, 'आता टीं टीं नाही. मी शब्द म्हणेन, तुम्ही तसेच म्हणा. आवाज किती येतो ते बघून झालं. बोलणं किती कळतं ते बघू.' ही दोन वेगवेगळी मापं आहेत हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

उजव्या कानात शब्द आले. लांबून, पण सुटे. दोरी. चटणी. डोंगर. मी म्हणत गेलो. मग त्यांनी आवाज वाढवला आणि शब्द कडेनं झिजायला लागले. आणखी वाढवला. आता माणसाचा आवाज आहे एवढंच कळत होतं. मी अंदाजानं काहीबाही म्हणत होतो. काचेतून बघितलं तर महानंदा मॅडमना काहीतरी विचारत होती, हात हलवून.

नंतर कळलं, ती म्हणाली होती, 'मॅडम, त्यांना मुद्दाम चुकायचं असंल तर?'

मॅडमनी तिच्याशी वाद घातला नाही. शब्दांचा कागद तिच्या हातात दिला, माइक तिच्यापुढं सरकवला आणि एक चकती फिरवून आवाज अगदी खाली आणला. 'काकू, तुम्हीच वाचा. तुमच्या नेहमीच्या आवाजात वाचा, कमीजास्त मी करते.'

आणि माझ्या कानात महानंदा बोलली. हळू.

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचा आवाज हळू ऐकलाच नव्हता. पलीकडं ती नेहमीसारखीच ठणाणा वाचत होती, मान ताठ करून. मशीन तो आवाज बारीक करून माझ्याकडं पाठवत होतं. भाकर. पाऊस. कुंकू. लेकरू. मला सगळं कळत होतं. मी एकामागं एक म्हणत गेलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन वर्षं ही बाई मला कळली नव्हती आणि आता कळत होती.

मॅडमनी चकती फिरवली. आवाज वाढला. 'विहीर' का 'बशीर', काय ते समजेना. अजून वाढला. काही नाही, पीठ. महानंदानं वाचता वाचता माझ्याकडं बघितलं. मी एकेका शब्दाला नुसती 'नाही' म्हणून मान हलवत होतो. तिचा आवाज थांबला. सोंग असतं तर कुणी हळू बोललेलं बरोबर सांगून मोठ्यानं बोललेलं चुकवेल का, हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

मग डावा कान. मी म्हणालो, कशाला उगीच. मॅडम म्हणाल्या, बघू तर. आधी काहीच आलं नाही. त्या आवाज वाढवत गेल्या, वाढवत गेल्या, आणि मेलेल्या कानातून शब्द वर यायला लागले. जितका आवाज जास्त तितके जास्त. शेवटी जवळपास सगळे बरोबर. मी खुर्चीला धरून बसलो. आख्खं आयुष्य मी हा कान भिंतीकडं करून काढलं होतं.

मॅडमनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. डाव्या कानाची रेघ उशिरा सुरू होत होती, पण आवाजाबरोबर चढत जाऊन वर टेकत होती. उजव्याची लवकर सुरू होऊन थोडी चढत होती आणि मग, आवाज वाढत असताना, खाली कोसळत होती. 'ह्या कानाच्या दारातच अडथळा आहे,' त्या डाव्याबद्दल म्हणाल्या, 'जोर लावला की आवाज आत जातो. पण त्याला तुमच्या ओरडण्यापेक्षाही जास्त जोर लागतो, आणि तोवर उजवीकडचा गोंधळ सगळं गिळून टाकतो.' मग त्यांनी उजव्या रेघेवर बोट ठेवलं. 'ही रेघ अशी खाली यायला नको होती, काका. हे कानाचं वाटत नाही. कानाच्या मागं, मेंदूकडं जाणाऱ्या नसेचं वाटतंय. एमआरआय करून घ्या. लवकर करा.'

गाठ

एमआरआयबद्दल एवढंच सांगतो की त्या नळकांड्यात आमच्या गिरणीपेक्षा जास्त आवाज होतो आणि गिरणीतून निदान बाहेर तरी येता येतं.

उजव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सर नाही, डॉक्टरांनी लगेच सांगितलं, हळू वाढणारी आहे. पण मेंदूच्या देठापर्यंत पोचली आहे, काढावी लागेल. 'गाठ' म्हणाल्यावर पुढचं मी काही ऐकलं नाही. कान त्या वेळी ठीक असता तरी ऐकलं नसतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. गाठ माझ्या डोक्यात होती आणि दोन वर्षं आम्ही घरात भाकरीवरून भांडत होतो.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. विश्वनाथ गाडीमागं जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. महानंदा बशीत चहा ओतून बसली आणि तो तसाच निवला. माझ्याशी ती अजूनही बोलत नव्हती, पण आता कारण वेगळं होतं. तिनं तोंड उघडलं तर मोठ्यानं येईल आणि मला कळणार नाही, याची तिला भीती वाटत होती.

घरी आल्यावर शिवलीलानं दार उघडलं. महानंदा आत गेली आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून हमसून हमसून रडली. शिवलीला म्हणाली, 'आई, हळू रडा, अप्पांना त्रास व्हतो.' त्यावर आम्ही सगळेच हसलो. हसताना मला घेरी आली, ते सोडा.

पुण्याचा वॉर्ड

पुण्यातल्या सर्जननी समोर बसवून सगळं खरं सांगितलं. गाठ निघेल. तिच्याबरोबर उजव्या कानाचं ऐकणं कायमचं जाईल. चेहऱ्याची नस गाठीला चिकटलेली आहे. ती वाचवू, पण तोंड काही दिवस वाकडं होऊ शकतं. 'डाव्या कानाला योग्य मशीन लावू,' ते म्हणाले, 'त्याच्यावर तुमचं चालेल.' जो कान आम्ही पुरून मोकळे झालो होतो, त्याच्या भरवशावर आता मी टेबलावर जाणार होतो.

दवाखान्याचा दिवस ठरलेला. सकाळी चादर बदलायची, मग ताप, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा फेरा, मग नुसतं बसायचं. वॉर्डबॉय दारातूनच 'काकाऽऽ' करून ओरडायचे. शेवटी विश्वनाथनं कॉटच्या वर कागद चिकटवला: 'पेशंटशी हळू बोला.' बाकीच्या पेशंटच्या नातेवाइकांना वाटलं मी अगदी शेवटच्या घटका मोजतोय. ते माझ्या कॉटजवळून चपला हातात घेऊन जायला लागले. एका आजीनं तर माझ्या पायांशी केळी ठेवून हात जोडले. मी ती केळी खाल्ली, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

केरळची एक नर्स होती. तिचं मराठी मोडकं, पण आवाज मऊ. त्या आख्ख्या दवाखान्यात सगळ्यात चांगलं मराठी मला तिचंच कळलं.

रोज दुपारी महानंदा माझ्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसायची आणि हळू बोलायचा सराव करायची. तिला ते जमायचं नाही. सुरुवात हळू व्हायची आणि तिसऱ्या शब्दाला गिरणी सुरू. मी हात वर करायचो. ती चिडायची, तोंड दाबून धरायची, परत सुरू करायची. तो कान आता थोड्याच दिवसांचा आहे हे दोघांनाही माहीत होतं.

नंतर

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा छत फिरत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, उजवा डोळा मिटत नव्हता म्हणून त्यावर पट्टी होती. आरशात बघितलं आणि हादरलो. अर्धा चेहरा खाली ओघळला होता. उजव्या बाजूला शांतता, पण तिच्यात तो भुंगा मात्र राहिला. गाठ गेली तरी तो गेला नाही. हे मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुम्हाला सांगतो.

चालायला परत शिकलो, भिंतीला धरून, मग विश्वनाथला धरून, मग कुणालाच न धरता. तोंड बरंचसं जागेवर आलं. मग डाव्या कानात मशीन घातलं आणि त्या कानाला जे पाहिजे होतं ते मिळालं: जोर. घरातलं सगळं उलटं झालं. आता माझ्याशी मोठ्यानं बोलावं लागतं, आणि ते कळतं. महानंदाचा जन्मभराचा आवाज पुन्हा कामाला आला. पंचाईत झाली शिवलीलाची. सासऱ्यासमोर तिच्या तोंडून मोठा आवाज निघत नाही. कान तांबडे होतात. मग सासूच गिरणीतून ओरडते, 'मोठ्यानं बोल गं! सासरा हाय तर काय झालं? मी बोलते का न्हाई?' दुकानातली गादी मी फिरवून घेतली आहे. आता भिंतीकडं उजवा कान असतो. भागवत रोज येऊन मशीनमध्ये मुद्दाम खोकतो.

तुमच्या घरात कुणी 'आवाज येतो पण कळत नाही' म्हणत असेल तर त्याला खोटं पाडू नका. टीं टीं वर थांबू नका, शब्दांची तपासणी करून घ्या. आणि तो 'मोठ्यानं बोललं की जास्तच कळत नाही' म्हणाला, तर हसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. माझी दोन वर्षं ह्यात गेली.

त्या सकाळी

एक गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा झगा घालून, कानामागचे केस काढून स्ट्रेचरवर झोपवलं होतं. दाराबाहेर जरा वेळ थांबवलं. विश्वनाथ पायाशी उभा होता. महानंदा डोक्याशी आली, उजव्या बाजूला, आणि वाकली. मला वाटलं आता तिसऱ्या शब्दाला गिरणी सुरू होणार.

झाली नाही. ती बोलली, तिच्या स्वतःच्या घशातून, मशीनशिवाय, शिवलीलाला लाजवेल इतकं हळू.

'सोंग करता म्हणले मी तुमाला. लई चुकलं माझं. तुमी माघारी या. तुमी न्हाई आलात तर मी एवढ्या मोठ्यानं कुणासंगं बोलू?'

सगळं कळलं मला. एक अक्षर सांडलं नाही. त्या कानात थोड्या वेळानं पुन्हा कधीच काही शिरणार नव्हतं, आणि त्यात हे शिरलं होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो,

'काय?'

दोन वर्षं ह्या एका शब्दानं तिचं डोकं फिरत होतं. तिनं डोळे पुसले, पदर सावरला, परत वाकली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. आधीपेक्षाही हळू.

मी केलेलं सोंग तेवढं एकच.